एका सीटची गाडी

त्या माणसाची आठवण निघाली की धुळ्यातले आमचे जुने सहकारी हसायला लागतात. कुणी जिनिंगच्या काट्याची गोष्ट सांगतो, कुणी अनवाणी गाडी चालवण्याची. मग चहा येतो आणि कुणीतरी मान हलवत म्हणतो, "काय वल्ली होता! असा माणूस पुन्हा होणे नाही." नाही झाला तर बरंच होईल, असं मी एकदा बोलून गेले तेव्हा सगळे कपात बघत बसले. वल्ली हा शब्द फार सोयीचा आहे. घरात ज्याला जाच म्हणतात त्याला बाहेरचे लोक वल्ली म्हणतात.

मी त्यांना सर म्हणायचे. इथेही म्हणते, सवय जात नाही. ते आमच्या कॉलेजात फिजिक्सचे प्रमुख होते आणि मी नशिराबादहून मराठी शिकवायला आलेली नवी लेक्चरर. देवपुरात त्यांचं घर होतं, वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत असे. सर पुण्याचे. वहिनी चोपड्याच्या, केळीवाल्या घरच्या. लग्नाला वीसेक वर्षं झालेली, मूल नव्हतं. सरांचं जे काही होतं ते म्हणजे गाडी.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. आठशे सीसीची ती छोटी गाडी तेव्हा नुकतीच गावोगाव दिसायला लागली होती. नंबर लावायचा, वाट बघायची, आणि गाडी दारात आली की आळीला पेढे. आमच्या कॉलनीत कॉमर्सच्या प्रोफेसरांनी डिलक्स मॉडेल घेतलं. एसी, टेप, काळ्या काचा, सीटवर मखमली कव्हरं. सगळी कॉलनी बघायला गेली, सरही गेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून लावून बघितलं, एसीची जाळी बोटाने वाजवली आणि विचारलं,

"हे सगळं कोण ओढणार?"

"म्हणजे?"

"इंजिन ओढणार ना? त्याला विचारलंत?"

कॉमर्सवाले हसले. "सर, घरच्यांना हौस असते."

"घरचे चालवतात का?"

"नाही."

"मग त्यांचा काय संबंध?"

लोक हसले. मीही हसले असेन. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. पेढा हातात होता, तो त्यांनी तसाच पदराच्या टोकाला बांधला.

सरांनी साधं मॉडेल घेतलं, ज्यात काहीच नसतं ते. तेवढ्यानेही त्यांचं समाधान झालं नाही. रद्दीवाल्याकडून ते परदेशी मोटारींची जुनी मासिकं आणायचे. त्यात त्यांनी एका गाडीबद्दल वाचलं होतं आणि ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायचे. "तिकडे एक कंपनी आहे. गाडी करते, मग त्याच गाडीतून रेडिओ काढते, मऊ गाद्या काढते, काचा पातळ करते, मागची सीट काढते. आणि ती गाडी जास्त किमतीला विकते! कमी दिल्याचे जास्त पैसे. आणि लोक रांगा लावून घेतात. का? कारण ती गाडी चालवणाऱ्यासाठी केलेली असते. चालवणारा आणि रस्ता, मध्ये कुणी नाही."

मग थांबून म्हणायचे, "नसण्याला किंमत असते. आपल्याकडे हे कुणाला कळणार नाही."

वाक्यं त्यांना छान यायची. वीस वर्षं मुलांसमोर उभं राहून येतात तशी.

गाडी आल्यापासून दर रविवारी ते अंगणात पाना घेऊन बसत. आधी पायाखालची मॅट निघाली. मग राखदाणी, मग दाराच्या आतली पॅडं, मग मागची सीट, मग स्टेपनी. "पंक्चर झालं तर?" मी विचारलं. "ज्याला रस्ता वाचता येतो त्याला पंक्चर होत नाही." काही काढलं की गाडी घेऊन शहराबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत जायचं. तिथे कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा होता. कापसाने फुगलेल्या बैलगाड्यांच्या रांगेत ही पांढरी मोटार उभी राहायची. काटेवाला पहिल्या दिवशी म्हणाला होता, "सर, माल कुठे आहे?" सर म्हणाले, "माल नाही, हाच माल." हीच ती गोष्ट, आजही सगळ्यांना हसवणारी. पुढे काटेवाला बैलगाड्या थांबवून त्यांना आधी घ्यायचा आणि शेतकरी उन्हात उभे राहून बघायचे, मास्तरांची गाडी किती हलकी झाली ते.

घरातही तेच. सरांच्या दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापलेला. छत्रीची मूठ काढलेली. वहिनींनी माहेरहून आणलेलं पितळी घंगाळ त्यांनी मोडीत काढलं, कारण ते "उगाच जड" होतं. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "मन्ही मायनं दिल्हं व्हतं." एवढंच. सरांसमोर त्या कधी अहिराणी बोलत नसत. त्यांना ती बोली आवडायची नाही. इतकी वर्षं खानदेशात काढून त्यांना दूधवाल्याशी धड बोलता येत नव्हतं, आणि ते ही गोष्ट अभिमानाने सांगायचे. माझ्याशी मात्र वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून मोकळ्या बोलायच्या. माझी बोली वेगळी, आमच्या नशिराबादकडची, तरी आमचं जमायचं.

एक गोष्ट मी लपवणार नाही. तो माणूस गाडी सुंदर चालवायचा. मी एकदा बसले आहे, तेव्हा डाव्या बाजूची सीट अजून जागेवर होती. निघताना म्हणाले, "पर्स वर ठेवून ये. चपलाही." मला वाटलं गंमत करतात. ते स्वतः अनवाणी होते. आम्ही लळिंगच्या घाटात गेलो. सकाळची वेळ होती, ट्रक कमी होते. नुसत्या पत्र्याची गाडी, प्रत्येक खडा खालून वाजत होता, आणि त्या आवाजात सर ओरडून सांगत होते, "ऐक, टायर बोलतोय बघ! आता सांगतोय, बस, याच्यापुढे नको. ऐकलंस?" आणि मला खरंच ऐकू आलं. वळण आलं की गाडी वळते असं वाटायचं नाही, डोंगरच बाजूला सरकतो असं वाटायचं. ब्रेक लावल्याचं कळत नव्हतं. वर पोचल्यावर मी हसत होते, लहान मुलीसारखी. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते सर वहिनींकडे बघत असताना मला कधी दिसलं नव्हतं. मला त्याचाही राग येतो. इतकं ऐकू येणारा माणूस होता तो. टायरचं ऐकू यायचं.

त्यानंतर काही महिन्यांत डावी सीटही निघाली. खालचे रूळसुद्धा त्यांनी गॅरेजमध्ये नेऊन कापले आणि बोल्टची भोकं बुजवून घेतली. मी विचारलं, "आणि वहिनी?"

"काय वहिनी?"

"त्या कुठे बसणार?"

"बसणाऱ्यांसाठी एस.टी. आहे की. गाडी चालवणाऱ्याची असते."

मला आधी पटलंच नाही की ते खरोखर वहिनींना एस.टी.ने पाठवतील. पण तसंच झालं. वहिनींना चोपड्याला जायचं असलं की सर त्यांना स्टँडपर्यंतही सोडू शकत नव्हते. वहिनी पिशवी घेऊन रिक्षाने स्टँडवर जायच्या, अमळनेरला बस बदलायच्या, आणि कधीकधी बसच्या खिडकीतून त्यांना आपलीच गाडी बसला ओलांडून पुढे जाताना दिसायची. सर त्याच रस्त्याला निघालेले असायचे, रस्ता चांगला म्हणून. जेवायला सासुरवाडीला पोचायचे वहिनींच्या आधी. सासूबाई, म्हणजे वहिनींची आई, जावयाला ताट वाढून विचारायच्या, "पोर कोठे शे?" आणि जावई म्हणायचे, "येतेय मागून."

काढलेली सीट ओसरीत भिंतीला लावून ठेवली होती. वहिनी तिच्यावर बसून तांदूळ निवडायच्या. कुणी पाहुणा आला की म्हणायच्या, "या ना, मन्ही गाडी आठेच उभी शे." वहिनींची गाडी म्हणे इथेच उभी! लोक याच्यावरही हसायचे. वहिनीसुद्धा हसायच्या. माझं डोकं तापायचं ते त्या हसण्याने.

मग तो थंडीतला दिवस. सकाळी कॉलेजच्या ऑफिसात चोपड्याहून ट्रंककॉल आला. वहिनींच्या आईला दमा होता, जुना. थंडी वाढली की जोर करायचा. वहिनींच्या भावाचा निरोप होता, आईचं काही खरं नाही, अक्काला ताबडतोब घेऊन या. शिपायाने निरोप सरांना दिला आणि मलाही सांगितला. मी सरांच्या पाठोपाठ घरी आले. वहिनी न्हाऊन केस पुसत होत्या. ऐकलं आणि केस तसेच बांधून बाहेर आल्या.

"चला."

सर किल्ली हातात घेऊन उभे होते. "मी पुढे होतो. तू बसने ये."

वहिनींना ते समजायला वेळ लागला. "ती सीट बसवा ना," त्या म्हणाल्या. "ही इथेच तर आहे."

"नाही बसणार. रूळ कापलेत."

"मग मी खाली बसते. पत्र्यावर."

मी जिन्याजवळ उभी होते. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. वीस वर्षं संसार केलेली बाई अंगणात उभी राहून नवऱ्याला म्हणत होती, मी खाली पत्र्यावर बसते, मला माझ्या आईकडे ने.

"वेडी आहेस का? धरायला काही नाही. वळणावर आपटशील. आणि वजन एका बाजूला गेलं तर मला वेगही धरता येणार नाही. मी लवकर पोचतो, डॉक्टरचं बघतो, तुझ्याच भल्याचं आहे."

"सर," मी म्हटलं, "कॉमर्सच्या सरांची गाडी मागू. मी जाते विचारायला."

"ती गाडी? ती संध्याकाळी पोचेल!" असं म्हणत त्यांनी चपला काढल्या, गाडीत बसले आणि गेले.

कॉमर्सच्या सरांकडे मी धावत गेले. गाडी घेऊन ते सहकुटुंब शिर्डीला गेलेले. मग मी आणि वहिनी स्टँडवर. अमळनेरची गाडी लागायला उशीर, अमळनेरला चोपड्याची गाडी लागायला त्याहून उशीर.  वहिनी बाकड्यावर टेकल्यासुद्धा नाहीत. फक्त तापीच्या पुलावर बस आली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला, आणि चोपडा येईपर्यंत सोडला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती. बायकांनी वहिनींना बघून रडायला सुरुवात केली, त्यावरून कळलं. आत त्यांची आई जमिनीवर गादीवर सरळ, आडवी. वहिनी तिच्या उशाशी बसल्या आणि तिच्या तोंडावर हात फिरवला. थोड्या वेळाने वर बघून त्यांनी विचारलं, "कुणी होतं जवळ?"

भाऊ डॉक्टरला आणायला गेला होता. भावजय चुलीवर पाणी तापवत होती. म्हाताऱ्या बाईजवळ जावई बसला होता, एकटा. सगळ्यांना बरं वाटलं होतं की निदान जावई तरी वेळेवर आला.

"काही बोलली का आई?" वहिनींनी विचारलं.

सर भिंतीला टेकून उभे होते. "बोलत होती काहीतरी. मला ते तुमचं नीट कळत नाही. बठ्ठा, बठ्ठा, असं म्हणाली दोनतीनदा. बठ्ठा म्हणजे सगळे ना?"

बायकांमध्ये हुंदका उठला. कुणी म्हातारी म्हणाली, "बठ्ठा उनात का, इचारी ऱ्हायनी व्हती माय." सगळे आलेत का, असं विचारत होती. मलाही ते खरं वाटलं. मरणारी बाई आपली माणसं आलीत का हे विचारणार, दुसरं काय! आणि जी यायला हवी होती ती अमळनेरच्या स्टँडवर उभी होती.

वहिनी सरांकडे बघत राहिल्या.  मग त्यांनी आईचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

बाहेर अंगणात सर वहिनींच्या भावाशी बोलत होते. मी पाणी घ्यायला गेले होते. ते म्हणत होते, "अमळनेरनंतर रस्ता एकदम मोकळा मिळाला. किती वेळात आलो माहीत आहे?" आणि त्यांनी आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. भावाने हात जोडले आणि आत निघून गेला. त्या क्षणी माझ्या हातात कळशी होती, ती त्या माणसाच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

तेरावं झाल्यावर वहिनी धुळ्याला परत आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "आठे गाडी शिकाडनारं कोनी शे का?" पाच कंदील चौकाजवळ एक मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. एक वयस्कर मुसलमान गृहस्थ ते चालवायचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. चाचांनी वहिनींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बेहेनजी, शौक है या जरूरत?" वहिनी म्हणाल्या, "जरूरत." चाचा म्हणाले, "फिर जल्दी आएगा."

लवकर आलं. सरांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांना ती गंमत वाटली. स्टाफरूममध्ये म्हणाले, "आमच्या घरी ड्रायव्हर तयार होतोय." लायसन्स हातात आल्यानंतरच्या एका दुपारी सर कॉलेजात असताना वहिनींनी एक ट्रंक आणि दोन पातेली गाडीत मागे ठेवली, पदर खोचला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गाडी रस्त्याला काढली. फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासली. थांबल्या नाहीत.

सर सायकलने घरी आले. रिकाम्या अंगणात उभे राहिले. मी वरून बघत होते.

"गाडी?"

"वहिनी चोपड्याला गेल्या."

"कधी येणार?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

ते घासलेल्या खांबापाशी गेले, पांढरा रंग नखाने खरवडून बघितला. "पण तिला क्लचचा अंदाज नाही," ते म्हणाले. "मी आता तिथे जाऊ कसा?"

मला उत्तर देताना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नाही. "एस.टी. आहे ना, सर," मी म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली.

वहिनी परत आल्या नाहीत. आईच्या घरात राहिल्या. भावाने खळखळ केली नाही. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी सुरू केली. चोपड्यातल्या एका वेल्डरकडून गाडीत पुन्हा रूळ बसवून घेतले, भंगारातून सीटा आणल्या, एक लाल, एक हिरवी. मागे टेम्पोतलं बाकडं. मी सुट्टीत जायचे तेव्हा त्या गाडीत कधी पोरं, कधी केळीचा घड, कधी दवाखान्यात न्यायची एखादी म्हातारी असायची. सरांनी पहिल्या वर्षी दोनतीन पत्रं टाकली, गाडीची हवा आणि ऑइल कसं बघावं याची. नंतर तीही बंद केली. कॉलनीत लोक म्हणायचे, बाई तापट निघाली. सरांबद्दल कुणी काही म्हटलं नाही. सर वल्ली होते ना.

नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी तोपर्यंत दुसरीकडे राहायला गेले होते, पण कॉलेजातून कुणीतरी जायलाच हवं म्हणून दुपारी दवाखान्यात गेले. त्यांच्या शेजारच्या खाटेवर साक्रीकडचा एक म्हातारा शेतकरी होता, दम्याचा. त्याची छाती भात्यासारखी वाजत होती. मी सरांशी परीक्षेच्या पेपरांबद्दल काहीतरी बोलत होते. तेवढ्यात म्हाताऱ्याला उबळ आली. त्याने मुलाचा सदरा पकडला आणि घशातून कसंबसं म्हणाला, "बठाड. माले बठाड."

मुलाने त्याला काखेत हात घालून उठवलं, पाठीला उशी दिली. म्हाताऱ्याचा श्वास हळूहळू खाली आला.

सर माझ्याशी बोलायचे थांबले होते. "तो काय म्हणाला?" त्यांनी मला विचारलं.

मला नीट कळलं नव्हतं. मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "बसतं करा म्हणतात, बाई. आडवं पडलं की त्यांचा जीव कोंडतो. बसतं केलं की बरं वाटतं."

सरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. मला दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोळ्यांसमोर गादीवर सरळ आडवी ठेवलेली ती बाई आली, आणि तिच्याजवळ बसलेला, लळिंगच्या घाटात टायरचं बोलणं ऐकणारा हा माणूस.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर सरांनी मला निरोप पाठवला. "मला चोपड्याला जायचं आहे. तिला हे सांगायला हवं. तू येशील?" मी गेले. त्यांच्यासाठी नाही. वहिनी ते ऐकतील तेव्हा तिथे कुणीतरी आपलं असावं म्हणून गेले. बसमध्ये मी वेगळ्या सीटवर बसले. टाके ओले होते, खड्डा आला की ते पोट धरायचे. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

वहिनी अंगणात होत्या. बालवाडी सुटलेली. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. केस बरेच पिकले होते. सर खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच, वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर दुरुस्त करावं तसं, त्यांनी सगळं सांगितलं. दवाखाना, म्हातारा, तो शब्द. "बठ्ठा नव्हतं ते. बठाड होतं. तिला उठून बसायचं होतं. मला कळलं नाही. कळलं असतं तर..."

वहिनी खाली पडलेली पाटी उचलत होत्या. ती पुसून त्यांनी ओट्यावर ठेवली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला त्याच दिवशी माहीत होतं. लहानपणापासून ऐकलाय तो शब्द. थंडीत दम लागला की माय दुसरं काही बोलायचीच नाही. मी शाळेत जायच्या आधीपासून तिला बसतं करत आलेय. तुम्ही बठ्ठा म्हणालात आणि मी बघितलं तर ती आडवी."

 सर म्हणाले, "मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"बोलणार होते. तोंड धुऊन तुमच्याकडेच येत होते, अंगणात." वहिनींनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही माझ्या भावाला सांगत होता, किती वेळात पोचलात ते."

 शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. सर खुर्चीच्या पाठीला धरून खाली वाकले, पोटात कळ आली असावी, किंवा नसेलही. वहिनी पुढे झाल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, उरलेलं पाणी तुळशीला ओतलं आणि आत जाता जाता मला म्हणाल्या,

"चल वं, जेवीसन जाय. त्यास्नी शेवटनी बस पाच वाजता शे. त्यास्ले सांग, चुकाडजो नका."